जीर्णोद्धार झालेली लाकडी मोटर यॉट विकत घेताना काय तपासावे?

विचारलेला प्रश्न असा आहे. 1937 साली ब्रिटनमध्ये बांधलेली, सुमारे 52 फूट लांबीची एक लाकडी मोटर यॉट विक्रीला आहे. बाहेरच्या फळ्या सागवानी आहेत, आतल्या बरगड्या ओकच्या आहेत आणि पुढच्या काळात बसवलेली दोन गार्डनर 6 एलएक्स डिझेल इंजिने तिच्यात आहेत. सहा वर्षांपूर्वी तिचा ‘संपूर्ण जीर्णोद्धार’ झाल्याचे जाहिरातीत म्हटले आहे, छायाचित्रांत व्हार्निश लखलखते आहे आणि किंमत तेवढ्याच लांबीच्या नव्या फायबरग्लासच्या यॉटपेक्षा खूपच कमी आहे. ती घ्यावी का, आणि घ्यायची झाल्यास काय तपासून घ्यावी?

अशी यॉट घेण्यासारखी असू शकते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात चांगल्या कारखान्यातून उतरलेली आणि नीट राखलेली सागवानी नौका आजही समुद्रात डौलाने चालते, आणि तिच्यातून प्रवास करण्याचे सुख दुसऱ्या कोणत्याही नौकेत मिळत नाही, असे लाकडी नौकांची दुरुस्ती आणि तपासणी करण्यात आयुष्याचा मोठा भाग गेल्यावरही माझे मत आहे. मात्र या व्यवसायात ‘जीर्णोद्धार’ या शब्दाला ठरलेला अर्थ नाही. एका नौकेचे सामान पूर्ण बाहेर काढून, फळ्या उतरवून बरगड्यांपर्यंत काम झालेले असते. दुसरीला रंग, व्हार्निश, नव्या गाद्या आणि नवे स्वयंपाकघर एवढेच मिळालेले असते. जाहिरातीत आणि छायाचित्रांत दोघी सारख्याच दिसतात. म्हणून पैसे मोजायचे ते चकाकीला नव्हे, तर काय उघडून पाहिले, काय बदलले आणि काय जुनेच ठेवले याच्या पुराव्याला मोजावेत. पुढे जे लिहिले आहे ते सगळे या एका गोष्टीभोवती आहे.

त्यामुळे नौका पाहायला जाण्याआधीच विक्रेत्याकडे कामाचे दप्तर मागावे. जुन्या वास्तूंच्या जतनासाठी 1964 मध्ये व्हेनिसची सनद झाली. तिच्याच धर्तीवर पारंपरिक नौकांसाठी युरोपात बार्सिलोनाची सनद तयार झाली, आणि जतनाच्या व जीर्णोद्धाराच्या प्रत्येक टप्प्याची आरेखने, छायाचित्रे व अहवाल यांसह नोंद ठेवावी, असा आग्रह दोन्ही सनदांत आहे. ज्याने मनापासून काम केले त्याच्याकडे अशा नोंदी सहसा असतातच. रंग खरवडून उघड्या केलेल्या बाजूंची छायाचित्रे, कोणत्या फळ्या कोठून कोठपर्यंत बदलल्या याचा आराखडा, किती बरगड्या नव्या घातल्या आणि किती शेजारी जोड-बरगडी देऊन भक्कम केल्या याची यादी, लाकूड आणि खिळे-बोल्ट यांची बिले, आणि काम चालू असताना एखाद्या स्वतंत्र सर्व्हेअरने, म्हणजे नौकांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाने, दिलेली टिपणे, या गोष्टी त्यात असाव्यात. दप्तरात दिवाणखान्याचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे फोटो असतील आणि बिल्जचा, म्हणजे नौकेच्या तळातल्या पोकळीचा, एकही नसेल, तर काम कोठे थांबले याचा अंदाज तेथेच येतो. सहा वर्षांपूर्वीच्या कामाबरोबर त्यानंतरच्या सहा वर्षांच्या देखभालीची बिलेही तितक्याच काळजीने पाहावीत, कारण लाकडी नौकेला दुर्लक्षाची दोन-तीन वर्षेही बाधतात.

आता प्रत्यक्ष नौकेकडे येऊ. ‘सागवानी नौका’ म्हटले की घेणाऱ्याचे मन निम्मे निश्चिंत होते. सागवानात नैसर्गिक तेल असते, ते पाण्याने कमी फुगते आणि कमी आकसते, आणि बुरशी व समुद्री कीड यांना इतर लाकडांपेक्षा पुष्कळ चांगले तोंड देते. यात काही खोटे नाही. परंतु नौकेचा आकार फळ्या धरून ठेवत नाहीत. तो बरगड्या, कील म्हणजे तळाचा लांब कणा, बरगड्यांना कीलशी बांधणारे आडवे फ्लोअर आणि या सगळ्यांना एकत्र बांधणारे धातूचे बंध धरून ठेवतात. सागवानी फळी ऐंशी-नव्वद वर्षांनंतरही ठणठणीत असते आणि तिच्या मागची ओकची बरगडी हाताने सोलून निघते, हे दृश्य मला अजिबात अपवादात्मक वाटत नाही. म्हणून फळीचे कौतुक थोडक्यात आवरावे आणि आपला वेळ तिच्या मागे काय आहे ते पाहण्यात घालवावा.

बंधांपासून सुरुवात करतो, कारण बहुतेक खरेदीदार तेथे पोहोचतच नाहीत. त्या काळातील उत्तम यॉटमध्ये फळी आणि बरगडी यांच्यातून तांब्याचा खिळा आरपार जातो आणि आतल्या बाजूला तांब्याच्या छोट्या वाटीवर ठोकून त्याचे रिवेट केलेले असते. काही ठिकाणी ब्राँझचे स्क्रू असतात. स्वस्त बांधणीत जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी खिळे असत. ओकमध्ये टॅनिन असल्याने त्याच्या संगतीत लोखंड लवकर गंजते, लाकूड निळसर-काळे पडते आणि खिळ्याभोवतीचे छिद्र मोठे होत जाते. या अवस्थेतल्या नौकेवर नवा खिळा मारला, तरी त्याला धरायला लाकूडच उरलेले नसते. जीर्णोद्धाराच्या वेळी कोणता धातू वापरला हे विचारणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. पितळी स्क्रू वापरले असतील तर खाऱ्या पाण्यात पितळातले जस्त निघून जाते आणि मागे गुलाबीसर, ठिसूळ सांगाडा उरतो. स्टेनलेस स्टील वापरले असेल तर तेही निर्धोक नाही, कारण ओल्या लाकडाच्या आत, जेथे प्राणवायू पोहोचत नाही, तेथे ते बाहेरून दिसणार नाही असे खड्ड्याखड्ड्यांनी कुरतडले जाते.

या बाबतीत बोलून आणि पाहून भागत नाही; काही बंध उपसून पाहावेच लागतात. जलरेषेखाली, म्हणजे पाण्याची पातळी जेथे येते त्या रेषेखाली, पुढच्या भागात, मध्यभागी आणि मागच्या भागात, दोन्ही बाजूंना, अशा निवडक जागी डोक्यावरचे बूच किंवा पुट्टी काढून एखादा स्क्रू हळूहळू उलटा फिरवावा. चांगला ब्राँझचा स्क्रू सुरुवातीला हटत नाही, मग कुरकुरत सुटतो, आणि बाहेर आला की धार असलेले आटे व पुसल्यावर पिवळसर तपकिरी झळाळी दिसते. खराब स्क्रू एकतर डोके तुटून हातात येतो किंवा अगदी सहज फिरतो, आणि फळी व बरगडी जेथे एकमेकींना भिडतात नेमक्या त्या जागी त्याची कंबर निम्मी झालेली असते. बाहेरचे डोके आणि आतले टोक दोन्ही धडधाकट आणि मध्येच तो गेलेला, असे असल्यामुळे उपसल्याशिवाय हे कळत नाही. रिवेट उपसणे अधिक जिकिरीचे असते, पण आतल्या वाट्या सैल आहेत का, खिळ्याभोवती हिरवी पूड जमली आहे का आणि हातोडीच्या हलक्या टोल्याला तो हलतो का, एवढे तरी पाहता येते.

याच्या शेजारचा एक दोष नव्या जीर्णोद्धारातच अधिक आढळतो. गंज टाळण्याच्या सदिच्छेने मालक नौकेवर जस्ताचे मोठमोठे अॅनोड, म्हणजे इतर धातूंऐवजी स्वतः झिजणारे तुकडे, बसवतात आणि पाण्याखालचा प्रत्येक ब्राँझचा भाग तारेने त्यांना जोडतात. जस्त झिजते आणि ब्राँझ सुरक्षित राहते हे खरे; परंतु त्याच विद्युत्-रासायनिक क्रियेत सुरक्षित राहिलेल्या धातूच्या पृष्ठभागावर अल्कली तयार होते आणि ती लाकडातले लिग्निन, म्हणजे तंतूंना एकत्र धरणारा घटक, विरघळवते. आतल्या बाजूने समुद्री पाण्याच्या झडपेच्या बुडाशी विजेरी धरून पाहावे. तेथे पांढरी, स्फटिकासारखी पूड साचलेली असेल आणि त्याखालचे लाकूड बोटाने दाबल्यावर केसाळ, तंतुमय आणि मऊ लागत असेल, तर झडप नवी आणि चकचकीत असूनही ज्या लाकडावर ती बसली आहे ते निकामी होत चालले आहे. सागवानही यातून सुटत नाही. लाकडी नौकेला अॅनोड हवेत, पण मोजूनमापून हवेत, आणि प्रत्येक झडप जोडलीच पाहिजे असा नियम लाकडाला लावू नये.

कीलचे बोल्ट आणि लोखंडी फ्लोअर यांच्याबद्दल एवढेच सांगतो की त्यांच्यावरचा जाड, ताजा रंग पाहून समाधान मानू नये. काही बोल्ट काढून पाहिल्याची नोंद दप्तरात नसेल, तर ते काढण्याची अट सर्व्हेमध्ये घालावी. क्ष-किरण चित्रणाचा पर्याय आहे, पण बाहेर काढलेल्या बोल्टइतके स्पष्ट उत्तर त्यातून मिळत नाही.

बरगड्या तपासताना बिल्जच्या वळणाकडे, म्हणजे जेथे बाजू वळून तळाला मिळते तेथे, सर्वांत जास्त लक्ष द्यावे. वाफवून वाकवलेल्या ओकच्या बरगड्या ताण जास्त असल्यामुळे तेथेच तडकतात. इतक्या वर्षांच्या नौकेत विखुरलेल्या काही बरगड्या तडकलेल्या असणे स्वाभाविक आहे. पण सलग अनेक बरगड्या एकाच रेषेत तडकलेल्या असतील, तर तेथे नौकेचा आकार बदललेला आहे असे समजावे. तडकलेल्या बरगडीशेजारी नवी अर्धी बरगडी जोडण्याची पद्धत मान्य आहे, मात्र सगळ्या जोड-बरगड्या एकाच उंचीवर संपवल्या असतील तर ताण त्या रेषेवर एकवटतो आणि पुढची तडक तेथेच जाते. चांगला कारागीर त्यांची टोके कमी-जास्त उंचीवर ठेवतो. ही एक खूण पाहिली तरी काम कोणाच्या हातचे आहे याची कल्पना येते.

फळ्यांमधल्या फटींचा प्रश्न याच बरगड्यांशी जोडलेला आहे. पारंपरिक बांधणीत फळ्यांच्या सांध्यात कापसाचा पीळ ठोकून बसवतात, ज्याला कॉकिंग म्हणतात, आणि वरून मऊ पुट्टी भरतात. नौका पाण्यात उतरली की लाकूड पाणी पिऊन फुगते, सांधे आवळतात आणि गळती थांबते. जीर्णोद्धार बहुधा छपराखाली, कधी कधी दोन-तीन वर्षे चालतो. तेवढ्यात फळ्या वाळून सांधे रुंदावतात. अशा वेळी कोणी त्या रुंद सांध्यांत एपॉक्सी (घट्ट होणारे कृत्रिम रेझिन) किंवा तत्सम कडक भरण घातले, तर शेडमध्ये बाजू गुळगुळीत, अखंड आणि अतिशय देखणी दिसते. पण पाण्यात उतरल्यावर फुगणाऱ्या फळ्यांना सरकायला जागा उरत नाही, आणि सारा दाब बंधांवर व बरगड्यांवर येतो. सागवान कमी फुगते म्हणून धोका कमी होतो, पण नाहीसा होत नाही. त्यामुळे सांध्यांत काय भरले हे थेट विचारावे, आणि बाजू काचेसारखी सपाट असेल, एकही सांधा नजरेस येत नसेल, तर ते गुण म्हणून न पाहता चौकशीचे कारण म्हणून पाहावे. उलट सांध्यांच्या बारीक, समान रेषा रंगातून जाणवणारी बाजू मला अधिक विश्वासार्ह वाटते.

जुन्या नौकेवर नंतर चढवलेल्या फायबरग्लासच्या आवरणाबद्दल माझे मत कठोर आहे. पॉलिएस्टर रेझिन तेलकट सागवानाला नीट चिकटत नाही, आत शिरलेले पाणी बाहेर पडत नाही, आणि सर्व्हेअरला आतले काहीही दिसत नाही. तळावर असे आवरण असलेली नौका मी स्वतःसाठी घेणार नाही.

आता कुजण्याविषयी. खारे पाणी लाकडाला फारसे कुजवत नाही. कुजवते ते वरून झिरपणारे पावसाचे गोडे पाणी. लाकडातील आर्द्रता साधारण 20 टक्क्यांच्या वर टिकून राहिली आणि हवा खेळती नसली की बुरशीला वाव मिळतो. पूर्ण भिजून राहिलेल्या लाकडात हवा नसल्याने ती वाढत नाही, आणि कोरड्यातही वाढत नाही. त्यामुळे कुज जलरेषेखाली शोधण्यापेक्षा वर शोधावी: डेकची कडेची फळी आणि बाजू यांचा सांधा, केबिनच्या भिंती डेकला जेथे मिळतात ते कोपरे, खिडक्यांच्या खालच्या चौकटी, कठड्याच्या खांबांची बुडे, व्हीलहाऊसचे, म्हणजे सुकाणूच्या खोलीचे, दरवाजे, आणि सर्वांत जास्त करून मागच्या आडव्या भिंतीचे, म्हणजे ट्रान्समचे, दोन्ही कोपरे. डेक मूळचा जाड सागवानी आहे की प्लायवुडवर पातळ सागवानी पट्ट्या चिकटवल्या आहेत हे खालून पाहावे. पट्ट्या झिजून त्यांच्यातले स्क्रू उघडे पडले असतील, तर पाणी थेट प्लायवुडमध्ये जाते, आणि तो डेक लवकरच उचलून नवा करावा लागेल असे गृहीत धरावे.

जीर्णोद्धारात आतील सजावट जितकी पक्की आणि बंदिस्त, तितकी मला काळजी वाटते. जुन्या कारागिरांनी आतल्या अस्तरात फटी, कपाटांच्या दारांत नक्षीदार भोके आणि बिल्जपासून डेकपर्यंत हवेची वाट ठेवलेली असे. नव्या कामात ध्वनिरोधक थर, फोम आणि सलग पॅनेल बसवून ती वाट बंद केलेली आढळते. कपाटाच्या तळाशी, पलंगाखाली आणि साखळी ठेवण्याच्या पुढच्या कप्प्यात डोके घालून वास घ्यावा. मातकट, अळंबीसारखा वास आला तर पॅनेल उघडल्याशिवाय पुढे जाऊ नये. बिल्जमध्ये प्रत्येक फ्लोअरच्या बुडाशी पाणी वाहून जाण्याची छिद्रे असतात. ती मोकळी असायला हवीत, म्हणजे कोठेही पाणी अडून राहत नाही.

तपासणीच्या साधनांत आर्द्रतामापकाला फार महत्त्व देऊ नये. मीठ मुरलेले लाकूड आणि रंगातील धातू यांमुळे तो चुकीचे आकडे दाखवतो. छोटी हातोडी आणि अणकुचीदार टोच्या यांवर माझा अधिक भरवसा आहे. चांगल्या लाकडावर हातोडी उसळते आणि आवाज खणखणीत येतो. आत पोकळ किंवा मऊ असेल तर आवाज बद्द होतो आणि हातोडी जागीच बसते. फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत गेले की आवाज जेथे बदलतो, तेथे खडूने खूण करून मगच टोच्या वापरावा, आणि तोही मालकाच्या परवानगीने.

इंजिनांविषयी बातमी बरी आहे. मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्ट येथील गार्डनर कारखान्यात 6 एलएक्स हे मॉडेल 1958 मध्ये आले; सहा सिलिंडर, 10.45 लिटर, संथ गतीने चालणारे आणि दुरुस्त करता येण्याच्या दृष्टीनेच बांधलेले हे इंजिन आहे. आता ते बनत नाही, पण सुटे भाग पुरवणारे आणि ते उघडून पुन्हा बांधणारे जाणकार आजही आहेत. पाहायला जाताना इंजिने आधी चालवून ठेवू नका असे सांगावे, आणि पोहोचताच ब्लॉकवर हात ठेवून ती थंड असल्याची खात्री करावी. इंधन पंपावरील प्रायमिंगच्या छोट्या दांड्या हाताने दाबल्या की प्रत्येक सिलिंडरच्या इंधन फवाऱ्याचा दाब बोटांना जाणवतो. एखादी दांडी निर्जीव लागली तर त्या सिलिंडरकडे लक्ष ठेवावे. थंड गार्डनर सुरुवातीला थोडा पांढरा धूर सोडते आणि गरम होताना तो विरतो. तासभर भाराखाली चालवल्यावरही निळा धूर राहिला तर तेल जळते आहे, आणि काळा राहिला तर इंजिनावर भार जास्त आहे, इंधन फवारा बिघडला आहे किंवा प्रोपेलर चुकीचा आहे. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. नौकेच्या किमतीपुढे तो खर्च नगण्य आहे.

समुद्रातील चाचणीत वेगाचा मोह धरू नये. पाणी बाजूला सारत चालणाऱ्या अशा नौकेचा वेग तिच्या जलरेषेच्या लांबीने बांधलेला असतो: फुटांतील लांबीच्या वर्गमुळाला 1.34 ने गुणले की नॉटमधील (तासाला सागरी मैल) व्यावहारिक मर्यादा मिळते. जलरेषा 49 फूट धरली तर ती साधारण 9.4 नॉट होते, आणि आठ नॉटला ती सुखाने, कमी इंधनात चालेल. त्यापुढे प्रत्येक अर्ध्या नॉटसाठी इंधनाची मागणी झपाट्याने वाढते. चाचणीत पाहायचे ते वेगळे आहे: पूर्ण गतीला शाफ्ट, म्हणजे प्रोपेलर फिरवणारा दांडा, थरथरतो का, त्याचे पाणी अडवणारे सील गरम होते का, आणि चालता चालता बिल्जमध्ये पाणी वाढते का. नौका किनाऱ्यावरून पाहताना तिची वरची कड डौलदार वक्र आहे, की मध्ये वर आणि टोकांना खाली झुकली आहे, तेही पाहावे. अशा झुकाव्यात शाफ्टची सरळ रेषा बिघडते, आणि वंगण, बेअरिंग, सील बदलून ती सुधारत नाही.

वीज आणि गॅस यांची तपासणी त्या त्या क्षेत्रातील माणसाकडून करून घ्यावी. जुन्या तारांवर नव्या तारा लोंबकळत असतील, तर संपूर्ण वायरिंगचा खर्च हिशेबात धरावा. मूळ आराखड्यात नसलेले वरचे मजले, उंच व्हीलहाऊस किंवा जड जनरेटर नंतर बसवलेले असतील, तर स्थैर्याची गणिते कोणी केली होती का हे विचारावे, कारण या काळातील अनेक यॉट युद्धकाळात सरकारी सेवेत गेल्या, नंतर राहण्याच्या नौका झाल्या, आणि प्रत्येक टप्प्यात त्यांच्यावर काही ना काही चढवले गेले.

इतिहासाची किंमत मागितली जात असेल, तर इतिहासाची कागदपत्रेही मागावीत. 1878 ते 1980 या काळात निघत असलेल्या लॉइड्स रजिस्टर ऑफ यॉट्समध्ये बांधणारा, आराखडाकार, मालक, इंजिने आणि आधीची नावे सापडतात. तिचे नाव बदललेले असेल तर साखळी तेथून जोडता येते. 26 मे ते 4 जून 1940 या काळात फ्रान्सच्या किनाऱ्यावरील डंकर्कहून 3,38,000 हून अधिक सैनिक हलवण्यात आले, आणि त्या मोहिमेत भाग घेतल्याचे दावे अनेक नौकांबद्दल ऐकू येतात. 1966 पासून असोसिएशन ऑफ डंकर्क लिटल शिप्स ही संस्था अशा नौकांची नोंद ठेवते; दावा तेथे पडताळून पाहावा, आणि तो सिद्ध होत नसेल तर त्याचे पैसे देऊ नयेत. ब्रिटनच्या ऐतिहासिक नौकांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नाव असणे मानाचे आहे, पण त्याने नौकेला कायद्याचे संरक्षण मिळत नाही आणि लाकडाच्या स्थितीची हमी तर मुळीच मिळत नाही. अमेरिकेची राष्ट्राध्यक्षीय यॉट सिक्वोया 1925 मध्ये बांधली गेली, 1977 मध्ये सरकारने विकली आणि 1987 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक ठरली. तरीही किनाऱ्यावर पडून राहिल्याने तिची अशी दुरवस्था झाली की 2019 मध्ये तिला दुरुस्तीसाठी बार्जवर चढवून मेन राज्यात न्यावे लागले. एवढा मान असलेल्या नौकेलाही नियमित हात लागणे थांबले की लाकडाचे कुजणे थांबत नाही.

मालकीबाबत, ब्रिटिश नोंदणीच्या पहिल्या भागात नौका 64 हिश्शांत विभागलेली मानली जाते, आणि मालकीची साखळी व गहाण दोन्ही तेथे दिसतात. छोट्या नौकांसाठी असलेल्या तिसऱ्या भागातील नोंद मालकीचा पुरावा नाही. तेवढ्यावर विक्री होत असेल तर मागची सर्व विक्रीपत्रे पाहावीत. युरोपीय संघात ती ठेवायची असेल तर मूल्यवर्धित कराची स्थिती लेखी घ्यावी. 1985 पूर्वी वापरात आलेल्या आणि 1992 च्या अखेरीस संघाच्या पाण्यात असलेल्या खासगी नौकांचा कर भरलेला मानला जात असे, पण ब्रेक्झिटनंतर 31 डिसेंबर 2020 रोजी ती कोठे होती हाही प्रश्न निर्णायक ठरतो. 1950 पूर्वीच्या आराखड्याच्या, प्रामुख्याने मूळ प्रकारच्या साहित्यातून बांधलेल्या ऐतिहासिक नौकांना करमणुकीच्या नौकांसाठीच्या 2013 च्या युरोपीय निर्देशातील प्रमाणीकरणातून सूट आहे, त्यामुळे या यॉटला ती बाजू सहसा अडचणीची ठरू नये.

खर्चाविषयी खरेदीदारांची एक ठाम समजूत मोडावीशी वाटते. नौकेच्या किमतीच्या दहा टक्के दरवर्षी देखभालीला लागतात, असा ठोकताळा सर्वत्र सांगितला जातो. स्वस्तात मिळालेल्या लाकडी यॉटला तो लागू पडत नाही, कारण खर्च किमतीवर अवलंबून नसून आकारावर अवलंबून असतो. 52 फूट लांबीची बाजू रंगवायला, तिला पाण्याबाहेर काढायला, धक्क्यावर जागा घ्यायला आणि विमा उतरवायला जेवढे लागते तेवढे लागतेच, मग ती कितीलाही मिळालेली असो. उघड्यावरच्या व्हार्निशला दरवर्षी निदान एक-दोन हात द्यावे लागतात. एक हंगाम चुकला की पुढच्या हंगामात लाकडापर्यंत खरवडावे लागते. हे काम आपण स्वतः करणार की कारागिराकडून करून घेणार, याचे उत्तर खरेदीआधी ठरवावे. हिवाळ्यात तिच्यावर हवा खेळती राहील असे नीट शिवलेले आच्छादन असावे. माझ्या मते एखाद्या महागड्या नव्या उपकरणापेक्षा त्यावर केलेला खर्च नौकेच्या अधिक कामाचा असतो.

सर्व्हेअर आपला आपण निवडावा. तो लाकडी नौकांचाच जाणकार असावा आणि दलालाने किंवा विक्रेत्याने सुचवलेला नसावा. विक्रेत्याकडचा सहा वर्षांपूर्वीचा सर्व्हे अहवाल वाचायला घ्यावा, पण त्यावर निर्णय घेऊ नये; विमा कंपन्याही इतक्या जुन्या नौकेसाठी बहुधा अलीकडचा अहवाल मागतात. तपासणी नौका पाण्याबाहेर काढून व्हावी, आणि बाहेर काढल्या दिवशीच व्हावी, कारण कोणत्या सांध्यातून पाणी गळते आहे ते त्या दिवशी जसे दिसते तसे नंतर दिसत नाही. इसार (आगाऊ रक्कम) देण्यापूर्वी करारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: खरेदी सर्व्हे आणि समुद्रचाचणी यांच्या निकालावर अवलंबून राहील; ठरलेल्या संख्येत बंध आणि कीलचे बोल्ट काढून पाहण्यास आणि आतील पॅनेल उघडण्यास मालकाची परवानगी राहील, व ते पूर्ववत बसवण्याचा खर्च खरेदीदार देईल; आणि गंभीर दोष आढळल्यास इसार परत मिळेल किंवा किंमत नव्याने ठरेल. ज्याने नौका खरोखर उघडून दुरुस्त केली आहे तो मालक या अटींना सहसा हरकत घेत नाही, बहुतेक वेळा तोच आपणहून कोणता बोल्ट काढावा ते दाखवतो. हरकत आली, तर ‘संपूर्ण जीर्णोद्धार’ हे शब्द बाजूला ठेवून, बरगड्या आणि बंध यांचे सारे काम आपल्यालाच करावे लागणार असे धरून किंमत सांगावी, आणि ती मान्य न झाल्यास दुसरी यॉट पाहावी.